आलिमा आहे ना

नाशिकच्या बागवानपुऱ्यात कुणाच्या घरी बाई अंथरुणाला खिळली, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "आलिमा आहे ना." ती बाई वारली, तरी हेच म्हणतात. मुसलमानांत मृत स्त्रीला शेवटची आंघोळ, म्हणजे गुस्ल, बायकांनीच घालायची असते. ती नीट कशी घालायची हे त्या गल्ल्यांत फक्त आलिमाला येतं. सासूकडून ती शिकली. सासू गेली तेव्हा सासूला तिनंच घातली, आणि तेव्हापासून हे काम तिच्याकडे आलं ते आलंच.

आमची ओळख निराळी. माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांना सांभाळायला ती शरणपूर रोडला आमच्या घरी येत असे. ते पगाराचं काम. मोहल्ल्यातलं काम मात्र सवाबाचं, पुण्याचं. त्या घरचा ती चहासुद्धा घेत नाही. सासूबाई गेल्या, पुढे आमचे हेही गेले, तरी अधूनमधून तिची चक्कर असतेच. बुटकी, गव्हाळ, बुरख्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. हात सतत पाण्यात राहून पांढुरके पडलेले.

या हिवाळ्यात मात्र ती आली तरी टेकत नसे. मोबाइल मुठीत, नजर दाराकडे.

तिची एकुलती मुलगी खुशनुमा हरसूलला दिलेली. जावई उमर तिथल्या बाजारात चपला विकतो. आधी दोनदा पोटातलं गेलं होतं. आता सातवा लागला होता आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, पलंगावरून उतरायचं नाही, घाटातून प्रवास तर मुळीच नाही. लेकीला माहेरी आणता येत नव्हतं, तेव्हा माहेरानंच लेकीकडे जायला हवं होतं. हरसूल काही सातासमुद्रापलीकडे नाही; त्र्यंबकवरून जीप मिळते. पण आलिमाला जाता येत नव्हतं.

कारण जहिदा खाला. गल्लीतली सगळ्यांत म्हातारी बाई. खुब्याचं हाड मोडून पडलेली, वर हृदय थकलेलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं ते "आता थोडेच दिवस" असं म्हणून. खालानं आलिमाचा हात धरून शब्द घेतला होता: "मला शेवटी तुझेच हात लागले पाहिजेत. दुसरं कुणी नको." आलिमानं जबान दिली. मग दिवस गेले, आठवडे गेले, आणि खाला काही गेली नाही.

एकदा धीर करून आलिमा हरसूलला पोचली. लेकीच्या डोक्याला तेल लावत होती, तोच खालाच्या मुलाचा, जमीलचा, रडत फोन. "आपा, अम्मा गेली." आलिमा तेलाच्या हातानंच जीपमध्ये बसली. नाशिकला उतरून कफनाचं कापड घेतलं आणि धावत घरात शिरली, तर खाला उशीला टेकून चहा पीत होती.

"नाडीच लागत नव्हती, आपा," जमील खाली मान घालून म्हणाला. त्याची फळांची गाडी आहे. माझी द्राक्षं त्याच्याकडूनच येतात.

"टरबूज नुसतं बडवून सांगतोस आत लाल आहे की पांढरं," खाला म्हणाली, "आणि आईची नाडी कळत नाही?" मग आलिमाच्या काखेतलं पुडकं बघून, "आणलंस? ठेव वरच्या फळीवर. वाया नाही जायचं."

सगळे हसले. आलिमाही हसली म्हणे. मला सांगताना तिला हसू आलं नाही. कारण लगेच खुशनुमाचा फोन आला होता. "अम्मी, तू मेलेल्यांची आहेस. मी मेले की येशील बघ, धावत."

"ताई," ती माझ्या ओट्याशी उभी राहून म्हणाली, "आता फोन वाजला की आधी मनात येतं, गेली असेल तर बरं. तोबा! जिच्या तोंडात मी सकाळी पेज घालते, तिचं मरण मागते मी. सेवा म्हणायची का हिला?"

मी म्हटलं, "दुसरी कुणी करेल की. तू एकटीनंच का?"

मग तिनं मला फर्ज-ए-किफाया समजावला. काही कर्तव्यं ज्याची त्यानं करायची, नमाजासारखी. काही साऱ्या वस्तीची असतात: मयताला आंघोळ घालणं, त्याला पोचवणं. वस्तीतल्या एकानं केलं की सगळे मोकळे. कुणीच केलं नाही तर सगळे गुन्हेगार.

"बघा म्हणजे," ती म्हणाली, "मी करते म्हणून साऱ्या बाया सुटल्या. अडकले मी."

आमच्या शाळेत सिस्टर एक गोष्ट सांगत. रस्त्यात जखमी माणूस पडलेला असतो, सगळे वळसा घालून जातात, एक वाटसरू थांबतो. सिस्टर सांगत, तसे व्हा. पण थांबतो म्हणून त्या माणसाचं नाव पंचक्रोशीत झालं आणि रोज त्याच्याच वाटेवर जखमी आणून ठेवू लागले, तर त्यानं आपल्या गावी कधी पोचायचं, हे आम्ही विचारलं नाही.

"शिकव कुणाला तरी," मी म्हटलं.

"विचारलं ना. एक म्हणते भीती वाटते. एक म्हणते आमच्याकडे चालणार नाही. बाकीच्या म्हणतात, तू आहेस ना."

पुढच्या आठवड्यात मी खालाला बघायला गेले. आलिमा होती, आणि जमीलची बायको तहसीन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. माझ्यासमोर त्या सगळ्या मराठीत बोलत. फोन वाजला. खुशनुमाचे पाय सुजले होते. आलिमा "हो बेटा, हो बेटा" एवढंच म्हणत राहिली.

फोन ठेवल्यावर खाला म्हणाली, "जा तू."

"जबान दिलीय, खाला."

"मी मरत नाही त्याला मी काय करू? एस्टी आहे का वेळेवर सुटायला!" खालाला धाप लागली. ती थांबली, मग सुनेकडे बोट केलं. "ए, इकडे ये. शीक."

तहसीन जागची हलली नाही. "अम्मी, मला मयताला हात लावायची भीती वाटते."

"मग मयत होण्याआधी लाव. मी आहे ना अजून. माझ्यावरच शीक."

आलिमानं माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची भिंतीकडे वळवली. नजर फिरवणं एवढंच मला करता येत होतं. मागून मला पाणी ओतल्याचा आवाज आणि आलिमाचा हळू आवाज ऐकू येत होता. आधी हाताला कापडाची पिशवी चढव. वरची चादर काढायची नाही, पाणी चादरीखालून. उजवी बाजू आधी. दाबायचं नाही, मेलेल्यालाही लागतं असं समजूनच हात फिरवायचा. आणि अंगावर जे दिसेल ते कुणाला सांगायचं नाही, नवऱ्यालाही नाही.

"पाणी गार आहे," खाला ओरडली. "मेले म्हणून काय झालं?"

तहसीन फिसकन हसली. मग सासूला कुशीवर वळवलं असेल, कारण हसणं एकदम थांबलं.

"ही जखम कधीपासून आहे?" तहसीननं विचारलं.

"महिना झाला," आलिमा म्हणाली. "मी मलम लावते."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू कधी वळवलंच नाहीस," खाला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

त्यानंतर मलम तहसीन लावू लागली. रोजची आंघोळही तीच घालू लागली, आलिमा नुसती शेजारी बसून. एका सकाळी खालानं आलिमाला बोलावून सांगितलं, "तुझी जबान तुला परत. हिचे हात चालतील मला. थोडे खरखरीत आहेत, पण चालतील."

आलिमा हरसूलला गेली.

खुशनुमाला कळा सुरू झाल्या त्याच दुपारी जमीलचा फोन आला. आलिमानं आधी विचारलं, "नीट बघितलंस का?" या वेळी बघितलं होतं. दवाखान्याच्या बाकावरून ती उठून उभी राहिली. पायांना तीच सवय. बाहेर जीपवाला नाशिक-नाशिक ओरडत होता. उमर म्हणाला, "अम्मी, जाताय?" आत लेक हाका मारत होती. इतक्यात तहसीन फोनवर आली. "आपा, चादर काढायची नाही ना?"

"नाही. चादरीखालून."

"बरं. कफन फळीवरून काढलंय." आणि तिनं फोन ठेवला.

आलिमा पुन्हा बसली. मला म्हणाली, "ताई, एवढी वर्षं इतक्या जणींना न्हाऊ घातलं, पण त्या बाकावर नुसतं बसणं जड गेलं." संध्याकाळी नात झाली.

सव्वा महिन्यानं ती परतली, तेव्हा तहसीन तिला गल्लीच्या तोंडाशीच भेटली. येवल्याला तिच्या भावाचं लग्न होतं, बॅग भरलेली होती, आणि पलीकडच्या घरात एक म्हातारी शेवटच्या घटका मोजत होती. त्या घरचे तहसीनला सोडत नव्हते.

"आपा, सगळे म्हणतात तहसीन आहे ना!" ती रडकुंडीला आली होती.

"तू लग्नाला जा," आलिमा म्हणाली. "मी बसते. पण त्या म्हातारीची सून कुठे आहे?"

"स्वयंपाकघरात लपलीय."

आलिमानं बाह्या सारल्या. "तिला बाहेर काढ आधी. मग जा."