बाटलेल्या विहिरीचं पाणी

पाणी त्यानं माझ्या पायावर ओतलं. घागरीत न्हाई, पायावर. भरला पोहरा. माझ्या डोळ्यांदेखत ते मातीत जिरलं आणि तो वरनं हसला.

"पाय धू आधी. घाण लागंल माझ्या विहिरीला."

मग घागर भरली. हा माझा पहिला दिवस.

बाहत्तरचा दुष्काळ. कुंडलच्या पल्याड, माळाकडचं आमचं गाव. मी बारा वर्षांची. तो म्हंजे बागाईतदार मालक. गावात धड पाणी टिकलेली विहीर एकच, त्याची. आमच्या बौद्धवाड्यात एक आड हुता. त्याच्या तळाला हिरवं पाणी, त्यात किडं वळवळायचं. फडक्यातनं गाळून पाजलं तरी लेकरांना जुलाब लागायचं. म्हणून मालकाच्या विहिरीवर जायाचं. पण पायरीवर पाय ठेवायचा न्हाई, चऱ्हाटाला हात लावायचा न्हाई. खाली घागरी मांडून उकिडवं बसायचं आणि म्हणायचं, "मालक, पाणी वाढा." त्याच्या मनात आलं की तो वरनं ओतणार. पाणी वाढा म्हणं! जसं काय आमची पंगतच बसलीया. आमी धर्म बदलला, देव नदीत सोडलं, पण त्याच्या म्होरं हात पसरायचं काय सुटलं न्हाई.

आय आणि दादा तांबडं फुटायच्या आत दुष्काळी कामावर खडी फोडायला जायाची. दादा म्हंजे माझा बाप. पाणी आलं पोरींच्या गळ्यात. त्यात आणिक एक गोष्ट हुती. बाई गेली तर मालक तिला दुपारपातूर ताटकळत ठेवायचा. पोरगी गेली तर लगीच घागर भरून द्यायचा. मग वाड्यातल्या समद्या आयांनी पोरीच धाडायला सुरू केल्या. का भरून देतो, असं एकीनं बी इचारलं न्हाई. ही चूक आमच्याच माणसांनी केली. मी आज बी त्यांना माफ करत न्हाई.

माझ्या आधी पाणी आक्काकडं हुतं. माझी थोरली बहीण. पंधरा वर्षांची, सातवीत. गणितात मास्तराची चूक दाखवायची अशी हुशार. पाण्यापायी तिची आधी दुपारची शाळा बुडाली, मग सकाळची. बाकीच्या पोरींच्या घागरी भरल्या की मालक तिला म्हणायचा, "तू थांब." गोठा झाडायचं निमित्त. आक्का लय उशिरानं यायची. घागर काठोकाठ भरलेली. येऊन कोपऱ्यात बसायची, भाकरीला शिवायची न्हाई.

एकदा म्हणली, "आये, मी उद्या जात न्हाई."

आय म्हणली, "मग तुझ्या तान्ह्या भणीला काय आडातलं पाजू?"

आक्का गेली. आयनं घागर बघितली, पोरीचं तोंड बघितलं न्हाई.

मग गावात कुजबूज सुरू झाली. दादानं मालकाला एक शबुद इचारला न्हाई. आठ दिवसांत आक्काचं लगीन लावलं. मलकापुराकडचा बिजवर, दादाच्याच वयाचा, दोन पोरांचा बाप. पोरगी मांडवात रडली सुदीक न्हाई. नुसती बघत हुती. त्यानंतर ती कवा माहेराला आली न्हाई. आमी बोलावलं बी न्हाई. आमच्या आळीत चांगल्या पाण्याचा एक आड असता तर आक्का सातवी पास झाली असती. मास्तरीण झाली असती. पाणी दाराशी असतं तर तिला थांब म्हणणारा तो कोण?

वऱ्हाड माघारी आलं त्याच सांजंला आयनं चुंबळ माझ्या हातात दिली. "उद्यापासनं तू."

पाच दिवस बरं गेलं. सहाव्या दिवशी मालकानं माझ्याकडं बोट केलं.

"तू थांब. गोठा झाडायचा हाय."

बाकीच्या पोरी घागरी उचलून गेल्या, एकीनं मागं वळून बघितलं न्हाई. पळायचं हुतं मला. आक्का डोळ्यांम्होरं आली. आणि असा राग आला, असा राग! मी पायऱ्या चढले. जन्मात पहिल्यांदा. काठावर उभी ऱ्हायले आणि माझी रिकामी घागर दिली विहिरीत टाकून.

"बाटिवली! विहीर बाटिवली रं हिनं!" मालक बोंबलला. मी पळत सुटले.

आमची घागर विहिरीत पडली म्हंजे समदी विहीर बाटली. सगळं पाणी उपसून टाकायचं, असाच नेम हुता. मला वाटलं, बरं झालं, मरू दे समद्यांना तहानेनं. सांजंला टेकाडावर चढून बघत बसले. मालकानं गळ टाकून माझी घागर काढली, लांब भिरकावली. तांब्याभर गोमूत्र शिंपडलं. आणि त्याच्याच बायकोनं पोहरा सोडला. मागनं वरची आळी आली, हंडं भरून भरून घिऊन गेली. कुणी मेलं न्हाई. कुणाचा देव कोपला न्हाई.

तवा माझं डोळं उघडलं. बाट-बीट काय नव्हतंच! पायऱ्या बंद ठेवल्या त्या पाण्यासाठी न्हाई. आमी खाली बसावं, तोंडाकडं बघावं, आणि थांब म्हणलं की थांबावं, म्हणून. आमच्या आज्या-पणज्या उगंच भीत मेल्या.

दुसऱ्या दिवशी वाड्याचं पाणी बंद. परत आडाचं हिरवं पाणी. शेजारच्या काकीच्या तान्ह्या पोराला जुलाब लागलं. माणसं आमच्या दारात आली. "तुझ्या पोरीपायी आमची लेकरं मरायची व्हय रं?" दादानं माझं मानगूट धरलं, मालकाच्या अंगणात नेलं.

"पाया पड."

"न्हाई पडणार."

दादानं मला पायताणानं मारलं, तिथंच. मालक बाजल्यावर बसून बघत हुता. तरी मी पाया पडले न्हाई तवा दादाच मालकाच्या पाया पडला. माझा बाप.

पाणी सुरू झालं. आणि मालकानं काकीच्या कमळीला निवडलं. तेरा वर्षांची. घागर तर माझी गेलीच हुती, मी मोकळ्या हातानं कमळीच्या मागं गेले हुते. तो तिला थांब म्हणला, तशी मी तिच्याशेजारी फतकल मारून बसले.

"ही एकटी थांबणार न्हाई."

मालक म्हणला, "मग ऱ्हावा दोघी तहानलेल्या."

दुपार कलली. उनात बसून बसून कमळी रडाय लागली. रिकाम्या हातानं दोघी घरी आलो. तिसऱ्या दिवशी काकीचं लेकरू गेलं. आडाच्या पाण्यानं गेलं का माझ्या हट्टानं गेलं, मला ठावं न्हाई. आज बी न्हाई. काकी माझ्या अंगावर धावून आली. केस धरलं, थोबाडीत मारल्या, नको नको त्या शिव्या घातल्या. मालकाला एक शिवी न्हाई.

मी मार चुकवला न्हाई. ती दमल्यावर म्हणलं, "काकी, मारा अजून. जीव गेला तरी मारा. पण कमळी उद्या एकटी जाणार न्हाई. मी जाणार हाय तिच्यासंगं. तिथं कुणाला पाणी वाढा म्हणणार न्हाई. चऱ्हाट आमीच वढणार. आमचं हात तोडलं तरच सुटंल."