कडी मी भिऊन लावली होती

या ग्रुपवर मी बरेच दिवस आहे, पण नुसती वाचायला. खरं सांगू का, वाचून हसायला! कुणाला पिंपळाखाली बाई दिसली की मी आमच्या मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवायची आणि म्हणायची, हिला आधी चष्मा करा. भूत, करणी, अंगात येणं... माझ्या डोक्यात यातलं काहीच शिरत नाही. कोल्हापुरात वाढले, हायस्कूलला विज्ञान शिकवते. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. तुम्ही हसाल याची लाज नाही वाटत. लाज वेगळ्याच गोष्टीची आहे, ती पुढं कळेल.

आमचं गाव कागलजवळ. मिस्टर तिथल्याच एमआयडीसीतल्या एका कंपनीत सुपरवायझर. घरात सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणते, आणि सासरे आबा. आबा एके काळचे पैलवान. गावात अजून त्यांच्या कुस्त्या रंगवून सांगतात. पण चार वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात जरासा हलतो, तेवढाच. कूससुद्धा आम्हीच बदलतो. भरवायचं काम माझ्याकडे.

आणि मला वेड पिक्चरचं. त्यातही एकाच तऱ्हेच्या — चोर एखाद्या घरात घुसतात, आत कुणीतरी आंधळं, म्हातारं, एकटं माणूस असतं, आणि मग ते माणूसच चोरांचा बाप निघतं! रात्री मोबाईल घेऊन बसायचं आणि त्या हिरॉईनला अक्कल शिकवायची. अगं, पळतेस काय, घाल की डोक्यात! मिस्टर म्हणायचे, "चोरांनी आपल्याकडं यायच्या आधी तुला इचारून यावं बाई."

ही गोष्ट यंदाच्या म्हाईची, म्हणजे जत्रेची. आमच्याकडं देवीची म्हाई म्हणजे घरटी मटण आणि दारात पावण्यांची रीघ. आपण एकाला आवतण द्यायचं, तो येताना चार दोस्त घेऊन येतो. त्या दिवशी आलेल्या माणसाला 'तुम्ही कुणाचे?' म्हणून विचारायचं नाही. विचारलं तर त्याचा अपमान, आणि घराची अब्रू जाते ती वेगळीच. बसा, जेवा, रस्सा घ्या, एवढंच.

तर त्या दुपारी दोघं अनोळखी जेवायला होते, त्यातला एक चांगलाच उंच. इस्त्रीचे शर्ट, बोलायला गोड. मला वाटलं, मिस्टरांच्या कंपनीतले. मिस्टरांना वाटलं, माझ्या माहेरचे. मीच वाढत होते.

"घ्या की आणि दोन फोडी, लाजताय काय?"

"बास वहिनी, लई झालं. रस्सा तर एक नंबर!"

मी फुलले हो! कौतुक केलं की माझी जीभ सुटते. आता सगळे देवळाकडं पालखीला जातील, मी मात्र आबांना भरवायला मागं थांबते, त्यांची खोली ती आतली... सगळं मीच सांगितलं. त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं.

घर रिकामं झालं. देवळाकडं हलगी कडाडायला लागली. मी आबांच्या छातीवर टॉवेल टाकून पांढऱ्या रश्श्यात कुस्करलेला भात भरवत होते. तेवढ्यात ते दोघं खोलीत आले. मला वाटलं निरोप घ्यायला आलेत. मी म्हटलंसुद्धा, "निघालासा? पान तरी खाऊन जावा." तर त्यातल्या उंच्याच्या हातात आमचीच मटण कापायची सुरी!

"वहिनी, आरडू नका. कपाटाची किल्ली द्या."

कपाट आबांच्याच खोलीत. माझं सगळं सोनं त्यात. कमरेची किल्ली काढून देताना दोनदा माझ्या हातून खाली पडली. उंचा आबांच्या उशाशी उभा राहिला आणि म्हणाला, "आवाज काढलासा तर म्हाताऱ्याचं नरडं चिरीन." दुसरा कपाटाशी झटत होता. आतला लॉकर काही उघडेना. उंचा वैतागला, त्याच्या मदतीला गेला. दोघांच्याही पाठी माझ्याकडं झाल्या.

मी आबांकडं पाहिलं. ते माझ्याकडंच बघत होते. आणि मी... मी सरळ बाहेर आले, दार ओढलं आणि कडी लावली.

आतमध्ये सुरी घेऊन आलेले ते दोघं, आणि ज्याला कूसही बदलता येत नाही असा माझा सासरा. हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणाले तर ते खोटं ठरेल. कडी लावताना मनात फक्त एकच होतं, की ते माझ्या मागं येऊ नयेत.

बाहेरच्या सोप्यात आले, पण ना ओरडले, ना देवळाकडं पळाले. तिथंच खांबाला धरून खाली बसले. आतून शिव्या आल्या, दारावर लाथा बसल्या. मग एकदम सगळं थांबलं. आणि मला शड्डू ऐकू आला.

कोल्हापूरच्या माणसाला शड्डू सांगायला नको. पैलवान मांडीवर थाप मारतो, तो आवाज. एक... मग आणखी एक. हलगीचा म्हणाल तर हलगी लांब होती, आणि हा आवाज दाराच्या पलीकडून आला. पाठोपाठ काहीतरी धाडकन आपटलं. एक माणूस जिवाच्या आकांतानं किंचाळला.

"वहिनी! कडी काढा! पाया पडतो तुमच्या! ह्येला आवरा!"

मी कडी काढली नाही. मला वाटलं, बनाव असेल. तसं वाटून घेणं सोयीचंही होतं. आबांना मारून आता मला बोलावताहेत, असंही एकदा मनात आलं, तरी मी उठले नाही.

गुलालानं माखलेली माणसं परत आली, तेव्हा मिस्टरांनी दार उघडलं. उंच्याचा खांदा निखळून हात लोंबत होता. दुसरा गजांच्या खिडकीखाली गुडघ्यात डोकं घालून लहान पोरासारखा रडत होता. सुरी कपाटाखाली गेलेली. आणि आबा पलंगावर, मी सोडले होते तसेच. छातीवर टॉवेल तसाच, त्यावर सांडलेली भाताची शितंसुद्धा जागेवर. आत्तींनी त्यांचा उजवा हात उचलून पाहिला. चार वर्षं लुळा पडलेला तो तळवा लालबुंद झाला होता.

"ह्यांचंच काम हाय ह्ये," आत्ती हळू म्हणाल्या. पण गर्दीत कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडं होतं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं — सुनेनं चोरांना लोळवलं आणि कोंडून घातलं! पोलिसांनीही तेच धरलं. पलंगावरच्या लुळ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? मिस्टर ज्याला त्याला सांगत सुटले, "आमची बायकू म्हंजी वाघीण हाय!" मंडळानं शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. आबांनाही खुर्चीत बसवून आणलं होतं, पहिल्या रांगेत. मी टाळ्या घेतल्या आणि भाषणसुद्धा केलं हो! मुलींनी घाबरू नये, असं म्हणाले मी. आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

नंतर ओळख पटवायला मला पोलीस स्टेशनला बोलावलं. उंच्याचा हात गळ्यात बांधलेला. हवालदार फोनवर बोलायला बाहेर गेला, तसा तो खालच्या मानेनं म्हणाला,

"वहिनी, येक सांगू? तुम्ही आत हुता, तवर म्हातारं गप पडून हुतं. कडीचा आवाज झाला आणि ते बोललं."

"आबा बोलत नाहीत," मी म्हटलं.

"आमच्यासंगं बोलले की. म्हणाले, 'पोरगी गेली भाईर. आता या, पावणं.'"

मी तिथून कशी बाहेर आले, मला आठवत नाही.

डॉक्टरांना आडून आडून विचारलं. ते म्हणाले, अशक्य, आबांच्या उजव्या हातात ताकदच नाही. चोरांची आपसात मारामारी झाली असेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. मग तो तळवा? तो शड्डू? विज्ञान शिकवणारी बाई मी, पण माझ्याकडं याचं काही उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर सांगा. इथं मी खोट्या नावानं लिहितेय, कारण घरात अजून कुणालाच खरं सांगितलेलं नाही. सांगितलं ते फक्त आबांना, परवा.

घरात कुणी नव्हतं. त्यांच्या पलंगाशी बसले आणि एका दमात बोलून टाकलं. "आबा, मी चोरांना कोंडलं नव्हतं. तुम्हाला टाकून पळाले. मी कडी भिऊन लावली." त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. पण चादरीवरचा त्यांचा उजवा हात हलला. बोटं सरकत सरकत माझ्या हाताकडं यायला लागली.

तो हात नुसता धरायचा होता मला. एवढंच करायचं होतं. मी ताडकन उठले आणि बाहेर आले. भानावर आले तेव्हा दार ओढलेलं होतं, आणि माझा हात कडीवर होता.