चिंतामणीचा कौल आणि नळदुर्गचं पाणी

नळदुर्गचा किल्ला बघायला आता लोक मोटारी घेऊन येतात, पाणी महालात फोटो काढतात, वर येऊन भाजलेली कणसं खातात. मला कुणी विचारलं की तुम्ही पाहिलाय का धबधबा, तर मी सांगते, नऊ वर्षांची असताना पाहिला, निजामाचं राज्य होतं तेव्हा. एवढ्यावर मी गप्प होते. पुढचं ऐकायला कुणाला वेळ नसतो आणि मलाही सांगायची हौस नाही.

आम्ही धाराशिवला राहायचो. वडील कचेरीत कारकून. दिवसभर उर्दूत कागद लिहायचे आणि घरी आले की साधं "पाणी आण" हेही हुकूम सुनावल्यासारखं म्हणायचे. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी अक्का. तिला नळदुर्गच्या पलीकडं, घरात कानडी बोलणाऱ्यांकडं दिली होती. जमीन चांगली, वर दोन विहिरी. त्या विहिरींचं आमच्या घरात इतकं कौतुक झालं की नवरा मुलगा कसा आहे हे विचारायचं राहूनच गेलं.

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला अक्का माहेरी आली आणि परत जायचं नाव काढीना. तिच्या दंडावर चिमट्याचा डाग होता. सासूनं दिलेला. आईनं त्यावर तूप लावलं. आबांनी एकदा पाहिला आणि पंच्यानं तोंड पुसत बाहेर गेले. "तिथं शिव्यासुद्धा कानडीत देतात," अक्का मला सांगायची. "कळतच न्हाईत, मग उत्तर काय देऊ?" असं म्हणून हसायची. मीही हसायची. नऊ वर्षांच्या पोरीला काय कळतंय, असं लोक म्हणतात. सगळं कळतं. त्यातलं सोयीचं तेवढं पोरं धरून ठेवतात.

भाद्रपद लागला तशी आळीतल्या बायका विचारायला लागल्या, लेक अजून इथंच का. शेवटी आबांनी ठरवलं, तुळजापूरला जाऊन देवीलाच विचारायचं. तिथं देवळात चिंतामणी आहे. गोल, गुळगुळीत दगड. मनात प्रश्न धरायचा, दोन्ही हात त्यावर ठेवायचे. दगड उजवीकडं वळला तर होय, डावीकडं वळला तर नाही, हललाच नाही तर कामाला वेळ लागेल. आमच्याकडं लग्नं, खटले, विहिरीच्या जागा सगळं त्या दगडानं ठरायचं.

आबा अक्काला म्हणाले, "सासरी जाऊ का, हे तूच विचार. मी विचारलं तर जन्मभर म्हणशील, बापानं ढकललं."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "होय आलं तर तसंच नळदुर्गाला जाऊ. तुला धबधबा दाखवतो आणि हिला सोडतो. नाही आलं तर तिथनंच माघारी."

आमच्या शेजारच्या पोरीनं तो धबधबा बघितला होता. वर्षभर तिनं माझं डोकं खाल्लं होतं. नर आणि मादी असे दोन प्रवाह, त्यांच्यामागं महाल, महालात उभं राहायचं, समोरून पाणी कोसळतं आणि अंगावर थेंब येत नाही. मला त्या पोरीचं तोंड एकदाचं बंद करायचं होतं.

आई घरीच राहिली. आम्ही तिघं बैलगाडीनं निघालो. मुक्काम पुजाऱ्यांच्या घरी केला आणि सकाळी अंघोळीला गोमुखावर गेलो. आबा पायऱ्यांवर पाठ करून बसले होते. पाणी गार होतं. अक्कानं माझ्या डोक्यावर तांब्या ओतला आणि हळूच म्हणाली, "मी दुसरंच विचारणार हाय. माहेरी राहू का, असं. आबांना सांगू नको."

मला 'सांगू नको' म्हणणं म्हणजे दवंडी पिटायला सांगणंच होतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नसे. घरात कुणी काय चोरून खाल्लं, कोण कुणाला काय बोललं, सगळं आबांना माझ्याकडूनच कळायचं. त्यापायी मी आईचा मारही पुष्कळ खाल्ला होता.

दर्शन झालं. चिंतामणीपाशी रांग होती. आमची पाळी आली तशी अक्का बसली, दोन्ही तळवे दगडावर ठेवले आणि डोळे मिटले. मी तिच्या शेजारी होते. दगड जरा थांबला आणि मग सावकाश उजवीकडं वळला. तिनं वळवला, देवीनं वळवला, की कुणाच्याही हातांनी वळतोच, मला माहीत नाही. त्या वयात मी देवीच धरून चालले होते, हे मात्र खरं.

"होय म्हणती आई," पुजारी म्हणाले.

आबांनी मोठा श्वास सोडला. बरेच दिवस तो त्यांनी कोंडून धरला असावा. "चला," म्हणाले, "सुटलो."

देवीनं होय म्हटलं होतं ते माहेरी राहायला. हे तिथं दोघींनाच ठाऊक होतं. अक्कानं हात उचलले नाहीत. तिनं आबांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. मागची बाई म्हणाली, "उठा की वो बाई," तरी ती बघतच होती. माझ्या तोंडाशी आलं होतं. मग मनात आलं, बोलले तर गाडी माघारी फिरणार. एवढंच आलं, ह्याच शब्दांत, आणि ते मला आजही तसंच आठवतं. मी आबांचं धोतर धरलं आणि खाली बघत राहिले.

नळदुर्गला पोचायला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी किल्ला दाखवला. उंच बुरूज दाखवला, त्यावरची लांबलचक तोफ दाखवली, मग पाणी महालात नेलं. बोरी नदी भरून चालली होती. खिडकीतून पांढरं पाणी खाली जात होतं, आवाजानं कान बसले. अंगावर खरंच थेंब येत नव्हता. अक्का माझ्याजवळ उभी होती आणि पाण्याकडं न बघता माझ्याकडं बघत होती. आबा दोन हातांवर होते. धबधबा शेजारच्या पोरीनं सांगितला होता तेवढा मोठा नव्हता. मला काहीच वाटलं नाही.

दुपारी तिला सोडलं. सासूनं आम्हाला ताक दिलं. अक्का आत गेली ती बाहेर आली नाही. परतीच्या वाटेवर मी गाडीत झोपले. घरी आल्यावर शेजारच्या पोरीला म्हटलं, मीही बघितला. ती म्हणाली, बरं. झालं.

अक्का तिथंच राहिली. पुढं कानडी इतकी शिकली की मराठी बोलताना अडखळायची. पाच बाळंतपणं झाली, दोन मुलं जगली. दुसरा डाग कधी दाखवला नाही, आम्ही कुणी विचारलाही नाही. देवीच्या कौलानं केलं, ह्या समाधानात आबा गेले. मी कुणाला काही बोलले नाही. तोंडात तीळ न भिजणारी मी, हा एक भिजवत बसले.

आम्ही दोघी म्हाताऱ्या झाल्यावर एका पावसाळ्यात ती म्हणाली, चल, पाणी बघून येऊ. एसटीनं गेलो. महालात गर्दी होती, म्हणून वर कट्ट्यावर बसलो. तिनं कणीस मोडून अर्धं मला दिलं आणि म्हणाली, "गोमुखावर मी तुला कशाला सांगितलं, ठाऊक हाय?"

मी म्हटलं, "न्हाई."

"मला आबांफुडं बोलता आलं नसतं. तू सांगशील म्हणून सांगितलं. तुझ्या पोटात कवा काय राहिलं होतं का?" ती रागावली नव्हती. तिनं कणसाचा दाणा सोलून तोंडात टाकला. "दगडापाशी वाट बघितली. हितं महालातसुद्धा बघितली."

मला थाप मारता आली असती. पोर होते, विसरले, घाबरले, काहीही. मी म्हटलं, "अक्का, मला धबधबा बघायचा होता."

"व्हय," ती म्हणाली. "ते मला तवाच कळलं." ती खाली पाण्याकडं वळली. मग तिनं विचारलं, "दिसला न्हवं नीट?"

मी म्हटलं, "दिसला."