एक जूनची माणसं

"उभी राहा गं," साहेब म्हणाले. "तुझा वाढदिवस कधी असतो, सांग पाहुण्यांना."

शहाद्यातल्या एका हॉटेलचा वरचा हॉल. एसी इतका की पाहुण्या बाया पदर ओढून बसलेल्या. पुण्याचे, मुंबईचे, दोघं दिल्लीचे. माझ्या हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे. मी साहेबांच्या संस्थेत फिल्डवर्कर होते, पाणी वाटायला नव्हते. पण मीटिंग असली की डोंगरावरच्या पोरींनीच पाणी वाटायचं, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं.

"एक जून," मी म्हणाले.

हॉल हसला.

"पाहिलंत?" साहेब म्हणाले. "आमच्या डोंगरातल्या बाया वर्षातून एकाच दिवशी बाळंत होतात."

मग तर काही जणांनी टेबलावर हात मारले. मी ट्रे धरून उभी. मला बस म्हणायचं साहेब विसरले आणि पुढचं बोलायला लागले.

हा एक जून कुठून आला ते सांगते. बापाने मला आश्रमशाळेत नेलं तेव्हा मास्तरने माझा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगितला. लागला. म्हणजे शाळेच्या वयाची झाली. तारीख विचारली तर बाप म्हणाला, महूची फुलं वेचायच्या दिवसांत झाली. मास्तरला त्याचं काय करायचं कळेना. त्याने एक जून टाकला. माझाच नाही, सगळ्यांचा. घरची नावं त्याच्या तोंडात बसेनात, म्हणून सुनीता, अनिता, कविता अशी वाटून टाकली. आडनाव सगळ्यांचं पावरा. माझी धाकटी बहीण सुनीता झाली. तिच्याच वर्गात आमच्याच गावची आणखी एक सुनीता पावरा होती. ती खेमाची, माझी बहीण बाज्याची. गावात कधी गोंधळ झाला नाही. बापाचं नाव घेतलं की संपलं.

पुढे संस्थेने सिकलसेलचा, रक्तातल्या पिढीजात दुखण्याचा, अभ्यास काढला. पावरी बोलणारी कुणीतरी हवी होती, म्हणून मला घेतलं. मी पाड्यापाड्यावर फिरले. बोटाला सुई, रक्ताचा थेंब, टॅबवर नाव-गाव. लोक विचारायचे, याचं काय होणार? साहेबांनी पढवलेलं मी पावरीत सांगायचे. यावरून सरकार ठरवेल औषध कुठे ठेवायचं, रक्त कुठे ठेवायचं. लोक बोट पुढे करायचे. बहिणीनेही केलं. तिचा आजार पक्का निघाला. सांधे ठणकायचे, डोळे पिवळे व्हायचे, ते का, हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या बाळंतपणात तिचं रक्त फार गेलं. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात रक्त ठेवायची सोयच नाही. डॉक्टर चांगला होता, त्याने हात जोडून सांगितलं, खाली जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या. जीप केली. चांदसैली घाटात ती गेली. पोटातलं पोरही गेलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि जीप चालतच राहिली, कारण घाटात थांबायला जागा नव्हती. मागे राहिली तिची मोठी पोर, मोगी. ती आता माझ्याजवळ असते. तिलाही तेच दुखणं आहे. म्हणजे तिलाही कधीतरी त्याच घाटातून खाली न्यावं लागणार. तालुक्याला रक्ताचा फ्रीज आला तरच ते चुकेल. मला दुसरं काही नको होतं.

आणि हॉलमध्ये पडद्यावर आमच्या तालुक्याचा आकडा आला. एवढुसा. मी एकटीने पाडे हिंडून याच्यापेक्षा जास्त आजारी माणसं पाहिली होती. साहेब म्हणाले, इथे रुग्ण कमी आहेत, स्वतंत्र रक्तसाठ्याची गरज दिसत नाही, तसा अहवाल जिल्ह्याला दिलेला आहे. पाहुण्यांनी माना हलवल्या. कुणी विचारलं नाही.

चहाच्या वेळी मी साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. साहेब खालच्या बागायतदार घरातले, शिकले पुण्यात. आवाज चढवायची त्यांना गरज पडत नाही.

"यात माझी बहीण कुठे आहे?" मी विचारलं.

त्यांनी टॅब काढला, बघितलं. खरंच बघितलं, एवढं कबूल करते. म्हणाले, एकाच गावात दोन सुनीता पावरा, जन्मतारीख एकच. मशीन ते डबल धरतं आणि एक काढून टाकतं. सगळ्या जगात असंच करतात. मी म्हणाले, बाप वेगळे आहेत. तर म्हणाले, बापांची नावं आम्ही घेतलीच नाहीत. बाज्या, खेमा, दित्या, जो तो वेगळंच सांगतो, मशीनचा गोंधळ होतो.

"मग कोणती सुनीता काढली?"

"काय फरक पडतो?" साहेब म्हणाले.

माझ्या कानात घाटातली जीप वाजायला लागली. मी वाकून टॅबवर पाहिलं, काढली होती ती माझी बहीण. ठेवली होती ती खेमाची, तिला काहीच झालेलं नाही. तिचा थेंब माझ्या बहिणीच्या आधी घेतलेला, म्हणून तीच राहिली. आणि ही तर एकच सुनीता झाली. अशा किती अनिता, किती कविता, सगळ्या एक जूनच्या, सगळ्या पावरा. मास्तरने आमचं नाव घेतलं, तारीख घेतली. उरला होता बाप. तो यांनी गाळला.

तरी मी नीट बोलले. म्हणाले, आमच्या गावांची माहिती ग्रामसभेला द्या, आम्ही बसून सांगतो कोण डबल आहे आणि कोण नाही. साहेब हसले. म्हणाले, ती गोपनीय असते, पेशंटच्या खासगीपणाचा प्रश्न आहे. अरे वा. सकाळीच मी त्याच ट्रेमध्ये पेनड्राइव्ह ठेवून पाहुण्यांना वाटले होते. त्यात आमच्या डोंगराचं सगळं रक्त होतं. मी ते तोंडावर बोलून दाखवलं.

"ते संशोधक आहेत," साहेब म्हणाले. "आणि एक समजून घे. रक्त एकदा नळीत गेलं की ते तुमचं राहत नाही."

मी ट्रे त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"पाणी तुम्ही वाटा," मी म्हणाले.

जिन्यात संस्थेचा ड्रायव्हर भेटला. तो शहाद्याकडचा, माझ्या बापाच्या वयाचा, मनाने वाईट नाही. त्याने सगळं ऐकलं होतं.

"कसाले बोलनी वं माय?" तो म्हणाला. "नोकरी जाई ना तुन्ही."

मी म्हणाले, गेली दादा, वरच ठेवून आले. स्टँडवर धडगावची गाडी लागलेली होती. बसले. खिडकीला डोकं लावून रडले, रागाने रडले. मराठी मी शाळेत शिकले, पण मला राग पावरीतच येतो. सगळ्या रस्त्याने मी पावरीत शिव्या दिल्या आणि शेजारची बाई मला सरकून जागा देत राहिली.

रडून काय होतं? नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. साहेबांचं नाक कुठे आहे ते मला माहीत होतं. अभ्यासाची दुसरी फेरी बाकी होती. त्याच माणसांचं रक्त पुन्हा घेतल्याशिवाय त्यांचा पुढचा पैसा सुटणार नव्हता. संस्थेची जीप वर चढायच्या आत मी पाड्यांवर पोचले.

लोकांना मी डेटा-बिटा सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, तुमचं रक्त घेतलं आणि तुमचे बाप टाकून दिले. आमच्याकडे माणसाला काहीही बोला, पण त्याचा बाप मोजायचा नाही असं म्हणू नका. गावचा कारभारी म्हातारा आहे, ऐकूही कमी येतं. त्याने मला पुन्हा सांगायला लावलं. मग तो उठला आणि त्याने आपली मूठ मिटून सगळ्यांना दाखवली. ठराव तिथेच झाला. दवाखान्यातली तपासणी चालू राहील, औषध चालू राहील. ते बंद करून मेलो असतो आम्हीच. फक्त साहेबांच्या अभ्यासाला बोट मिळणार नाही.

जीप आली. माझ्या जागी नवी पोरगी होती, तिला भाषा येत नव्हती. बाया अंगणात बसल्या, पोरं बसली, सगळ्यांच्या मुठी मिटलेल्या. पोरगी घाबरली, बिचारी. तिला आम्ही जेवू घातलं आणि परत पाठवलं. पुढच्या पाड्यावर तेच. त्याच्या पुढच्या पाड्यावर तेच.

शेवटी साहेब स्वतः आले. घाटात त्यांना उलट्या झाल्या होत्या, तोंड पांढरंफटक. पाणी दिलं. पाण्याला आम्ही कुणाला नाही म्हणत नाही. खाट मात्र कुणी टाकली नाही. आम्ही महूच्या सावलीत आणि साहेब उन्हात. मला मजा आली. खोटं कशाला बोलू?

साहेब म्हणाले, तुम्ही विज्ञान अडवताय, नुकसान तुमचंच आहे. मी ते पावरीत सांगितलं. मग खेमाची सुनीता उठली. कडेवर पोर होतं, ते तिने खाली ठेवलं. ती पावरीत बोलली, मी मराठीत केलं.

"तुमच्या मशीनमध्ये मी आहे. मला काही झालेलं नाही. जी मेली ती बाज्याची. तिला परत घाला, नाहीतर मलाही काढा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी मऊ करून सांगेन म्हणून. मी मऊ केलं नाही. आमचं म्हणणं एक-एक करून सांगितलं. नावं नकोत आम्हाला, कुणाचं दुखणं चव्हाट्यावर आणायचं नाही. गावागावाचा आकडा द्या, बापासकट मोजलेला. तो आधी ग्रामसभेत येईल, मग जिल्ह्याला जाईल, मग तुमच्या पाहुण्यांना. आणि आधीचा अहवाल चूक होता, हे तुम्ही तुमच्या सहीने कळवा. साहेब म्हणाले, विचार करतो. कारभारी म्हणाला, करा, आम्हाला घाई नाही.

घाई त्यांना होती. पावसाच्या आधी त्यांनी बापांची नावं विचारून सगळं पुन्हा मोजलं. आकडा फुगला, चांगलाच फुगला. जिल्ह्याला नवा अहवाल गेला आणि रक्ताच्या फ्रीजचा विषय पुन्हा निघाला. निघाला म्हणजे आला नाही. मोगीचे मागच्या महिन्यात सांधे धरले तेव्हा आम्ही तिला खालीच नेलं, घाटातून. ती वाचली. सगळा घाट उतरेपर्यंत मी तिच्या नाकापुढे बोट धरून बसले होते.

परवा साहेबांचा फोन आला. आवाज एकदम गोड. म्हणाले, अहवालात 'सुधारित आकडेवारी' असं घातलंय, तेवढ्यावर मिटवू या, लोकांना बोट द्यायला सांग. तुलाही परत घेतो, वरच्या जागेवर घेतो. मी म्हणाले, सहीचं पत्र कुठे आहे? तर म्हणाले, अगं, असं लिहून दिलं तर माझं नाव खराब होईल. पुढे माझ्या अभ्यासावर कोण विश्वास ठेवेल?

त्यांचं नाव. ते एक नाव खराब होऊ नये म्हणून आम्ही सगळ्यांनी गप्प बसायचं.

मी सांगितलं, आता नुसतं पत्रही चालणार नाही. ग्रामसभेला वर या. उभं राहा. कुठल्या गावातली किती माणसं काढली, का काढली, आणि तुमच्या त्या आकड्यावर आमच्या दवाखान्यात रक्त नको असं कुणी लिहिलं, ते सगळ्यांसमोर सांगा. तुम्ही मराठीत बोला, पावरीत मी सांगेन. एकही शब्द गाळणार नाही. माझा बाप बाज्या पुढच्या ओळीत बसेल, मांडीवर मोगीला घेऊन. त्याने काही विचारलं तर तेही मी मराठीत करून तुम्हाला विचारीन, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीन.

साहेब म्हणाले, आणि लोक चिडले तर?

मी म्हणाले, चिडतील. मी त्यांना आवरणार नाही.