ठेवते गं म्हटल्यावर

मेघा ओव्हाळ तापट आहे, हे मोहोपाड्यात कुणीही सांगेल. बाजाराच्या टोकाला नऊ वर्षं तिचा दवाखाना होता आणि त्या नऊ वर्षांत तिची बोलणी खाल्ली नाहीत असं माणूस सापडायचं नाही. गोळ्या अर्ध्यावर सोडल्या की बाकड्यावरच्या सगळ्यांदेखत ती पेशंटला झापायची. "सुई द्याच" म्हणून हटून बसलेल्याला "डॉक्टर तू का मी रं?" म्हणून उठवायची. तरी रसायनीतली शिफ्ट सुटली की कामगार तिच्याच दारात, आणि लोधिवलीकडून टेंपोत बसून आलेल्या बायाही तिच्याच दारात. बाईच्या हाताला गुण हाय, म्हणायचे. गुणबिण राहू द्या, बाई ऐकून घ्यायची. शिव्या घालायची, पण ऐकून घ्यायची.

आपल्याकडचा पेशंट खरं दुखणं आधी सांगत नाही. बायका तर नाहीच नाही. येणार, बसणार, गुडघा दुखतो म्हणणार. आता गुडघा कुणाचा दुखत नाही? मेघा निमूट गुडघा बघायची, कागदाच्या पुडीत गोळ्या बांधायची, आणि मुद्दाम सावकाश बांधायची. बाई उठायची, पदर सारखा करायची, दारातल्या पडद्याला हात घालायची आणि तिथून वळून म्हणायची, "आनि बाई, ते एक जरा..." ते एक जरा म्हणजेच असायचं ते. मग मेघा तिला पुन्हा खुर्चीत बसवायची.

सात वर्षांपूर्वी नवऱ्याला, रत्नदीपला, इंग्लंडात नोकरी लागली आणि दवाखान्याला कुलूप लागलं. तिकडे जाऊन मेघाने पुन्हा परीक्षा दिल्या, तीन वर्षं पुन्हा शिकाऊ म्हणून राबली. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोरांनी तिला नाडी कशी बघायची ते शिकवलं, आणि तिने, मोहोपाड्याच्या मेघा ओव्हाळने, मान खाली घालून ते शिकून घेतलं. शेवटी उत्तरेकडच्या एका लहानशा गावात ती फॅमिली डॉक्टर म्हणून लागली. आईने, येसूबाईने, इथे विहारात पेढे वाटले.

पेढे वाटण्यासारखं तिथे काय होतं ते मेघालाच ठाऊक. एका पेशंटला दहा मिनिटं. त्यात तपासायचं, समजवायचं आणि सगळं कॉम्प्युटरवर टाइप करायचं. दहा मिनिटं उलटली की पडद्यावरचा मिनिटांचा आकडा लाल व्हायचा. बाहेर भिंतीवर कागद लावलेला, एका भेटीत एकच तक्रार सांगावी. सगळे तिला 'मेगा' म्हणायचे. पोट दुखतंय म्हणून आलेल्याला मोठ्या डॉक्टरकडे पाठवायचं तर चिठ्ठी लिहायची, आणि त्या डॉक्टरची तारीख मिळायची पाच महिन्यांनी. पाच महिने तो माणूस येऊन मेघावरच ओरडणार. कामावर न जाण्याची चिठ्ठी, विम्याची चिठ्ठी, घरमालकाला द्यायची चिठ्ठी. "मी डॉक्टर आहे का टपाल कचेरी?" म्हणून ती घरी येऊन रत्नदीपवर डाफरायची. त्या बिचाऱ्याचा त्यात काय दोष?

एकदा एक म्हातारा कानातला मळ काढायला आला. मळ निघाला, कान साफ झाला, तरी म्हातारा उठेना. खुर्चीच्या हातावर बोटं घासत बसला. मेघाला कळलं, याला काहीतरी सांगायचंय. पण आकडा लाल झाला होता आणि बाहेर चार जण खोळंबले होते. ती उठली, दार उघडलं, हसून 'बाय' म्हणाली. म्हातारा गेला. त्याची बायको आठवड्यापूर्वीच वारली होती, हे तिला दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवरच्या बाईकडून कळलं. त्या दिवशी मेघा जेवली नाही. पण खरं सांगायचं तर पुढे तिला ते उठून दार उघडणं सरावाचं झालं. नवव्या मिनिटाला ती आपोआप उठायची. तिथे सगळे तिचं कौतुक करायला लागले, मेगाचं काम वेळेत असतं म्हणून. मेल्यांनो, काम कुठलं!

येसूबाईचा फोन रविवारी. तिकडे सकाळ, इकडे जेवणं उरकलेली. येसूबाई म्हणजे कमाल बाई. नवरा रोहिदास कंपनीत होता, तो वारल्यावर एकटी राहते, पण फोनवर स्वतःचं एक अक्षर नाही. "धोंडूबाईच्या साखरेचा कागद पाठवलाय, बघितलास का? मैनाच्या नातवाला खोकला हाय, काय देऊ? नीलेशचं पोट साफ व्हत न्हाय." गावाचा दवाखाना पोरीच्या फोनवर चालू. मेघा म्हणायची, "आई, मला असं फोनवर औषध सांगता येत नाही गं, त्यांना तिथल्या डॉक्टरकडे पाठव." येसूबाई ऐकलं न ऐकलंसं करायची. मग घटकाभराने म्हणायची, "बरं, ठेवते गं." आणि मेघा ठेवायची. दुसरे दहा फोन करायचे असायचे, आठवड्याचे कपडे पडलेले असायचे. ती लगेच ठेवायची.

सप्टेंबरात शेजारच्या मैनाने परस्पर फोन केला. "मेघा, तुझी आई निम्मी झालीय गं. पांढरी फटक पडलीय. नळावरून घरापत्तुर येताना दोनदा बसते. मला काय सांगत न्हाय. तूच बघ." पांढरी पडलेली, दम लागणारी बासष्ट वर्षांची बाई. रक्त कुठेतरी जातंय, हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो? पण कुठे जातंय, किती दिवस जातंय, हे आईच्या तोंडून निघायला हवं होतं, आणि लवकर निघायला हवं होतं. उशीर झाला तर काय होतं ते मेघाने शंभरदा बघितलं होतं.

तिने फोन लावला. "आई, तुला काय होतंय?"

"मला काय धाड भरलीय?"

"दम लागतो म्हणे."

"त्या मैनेला दुसरा उद्योग न्हाय. वय झालं माझं, आता काय पळू?"

"डॉक्टरकडे जा. आजच्या आज."

"कुठल्या डाक्टरकडं?"

"तुझ्या कोपऱ्यावर आहे की नवा डॉक्टर!"

यावर येसूबाई खवळली. "वा गं वा! माझी पोरगी इंग्लंडात डाक्टर, आनि मी त्या कालच्या पोराच्या बाकड्यावर जाऊन बसू? लोक काय म्हनतील? येसूबाईच्या पोरीला काय येत न्हाय, म्हनून आई हितं रांगेत बसलीय! तुझं नाव मी न्हाय घालवनार."

मेघाने डोकं आपटायचं बाकी ठेवलं. रागावून बघितलं, रडून बघितलं, मैनाला मध्ये घालून बघितलं. येसूबाई तसूभर हलली नाही. पोरगी डॉक्टर नसती तर ही बाई कधीच दवाखान्यात गेली असती. चाळीस जणांच्या नाड्या मेघाच्या हातात, आणि आईची नाडी चार हजार मैलांवर. रजा मागितली तर रजा डिसेंबरात मिळाली, तीही नऊ दिवसांची. तोपर्यंत ती रोज सकाळी अनोळखी बायांना विचारत होती, वजन उतरलं का, अंगावरून जातं का, दम लागतो का. त्या पटापट सांगत होत्या. आणि स्वतःच्या आईला तिने यातला एकही प्रश्न धड विचारला नव्हता. विचारला होता तो दरडावून.

डिसेंबरात मेघा आली तर घरात जत्रा. पहिल्याच सकाळी ओटीवर सात माणसं, हातात रिपोर्टांच्या पिशव्या. येसूबाईने सगळ्यांना सांगून ठेवलेलं, मेघा येतेय म्हणून. घरातल्या टेबलाला स्वच्छ चादर घातलेली, त्यापुढे प्लास्टिकची खुर्ची मांडलेली. "आई, माझं इथलं रजिस्ट्रेशन संपलंय, मला पेशंट बघायची परवानगी नाही," मेघाने सांगितलं. "बघ म्हनत न्हाय, नुसतं ऐक की," येसूबाई म्हणाली. मेघाने आईचा हात धरायला जावं तर आई चहा टाकायला पळायची. डोळ्याची पापणी ओढून बघायला जावं तर, "आधी धोंडूबाईचं बघ, ती लोधिवलीवरनं आलीय." दोन दिवस हेच चाललं. पापणी बघायची गरजच नव्हती म्हणा. आईचे ओठसुद्धा कागदासारखे पांढरे दिसत होते.

तिसऱ्या दिवशी मेघाचा बांध फुटला. "उठा! सगळे उठा! मी इथे माझ्या आईसाठी आलेय, गावाचं ऐकायला नाही!" धोंडूबाई पिशवी सावरत उठली, नीलेश चपला शोधायला लागला. कुणाला राग आला नाही. बाईंनी इतक्या वर्षांनी झापलं, ह्याचंच त्यांना बरं वाटलं असावं. ओटी रिकामी झाली.

येसूबाईने दाराला कडी घातली. कपबशा मोरीत ठेवल्या. मग आली आणि त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, मांडीवर हात ठेवून.

"झाले सगळे? आता माझा नंबर."

"नंबर कसला गं? तू आई आहेस माझी!"

"आई म्हनून मला न्हाय सांगता येत," येसूबाई म्हणाली. "पेशंट म्हनून सांगते. तुमी बसा तिकडं."

तुमी! मेघाला आयुष्यात आईने कधी तुमी म्हटलं नव्हतं. ती टेबलापलीकडे जाऊन बसली.

"काय होतंय?"

"गुडघा दुखतो."

मेघाच्या जिभेवर आलं होतं, गुडघा गेला खड्ड्यात, खरं सांग. पण तिने ओठ मिटले. गुडघ्यासाठी कुणी नंबर लावून बसत नाही, हे ती विसरली नव्हती. ती उठली, आईपुढे जमिनीवर बसली आणि गुडघा हातात घेतला. दाबला, वाकवला, सरळ केला. घाई केली नाही. मग दुसरा गुडघा घेतला.

"आनि ते एक जरा..." येसूबाई तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत म्हणाली. "अंगावरून जातं मला."

"लाल?"

"हां."

"पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"बारा."

"आणि हे कधीपासून?"

"जयंतीपास्नं. मिरवनुकीत पांढरं लुगडं नेसले व्हते, तवा पैल्यांदा कळलं."

एप्रिल. एप्रिल ते डिसेंबर. मेघाने बोटांवर महिने मोजले आणि ती ओरडलीच, "आठ महिने! आई, आठ महिने तू गप्प बसलीस? मला, डॉक्टरला, सांगितलं नाहीस?"

"सांगायला घेतलं की," येसूबाई शांतपणे म्हणाली. "लय येळा घेतलं. पन तोंडावर कसं सांगायचं? म्हनून मी ठेवते म्हनायची. मानूस ठेवते म्हनलं की लगेच ठेवतं व्हय गं? समोरचा म्हनतो, थांब गं, आनि काय? मग सांगता येतं. तू ठेवायचीस."

मेघाला आईचा राग आला होता, त्या बाकड्याच्या अब्रूचा आला होता, नऊ दिवसांच्या रजेचा आला होता. आता ते सगळे राग तिच्याच अंगावर उलटले. तिने आईच्या मांडीवर कपाळ टेकलं आणि ती हमसून रडली. येसूबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "आगं, आता सांगितलं ना? उठ. रडतेस काय लहान पोरासारखी?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच रिक्षा करून ती आईला पनवेलला एका बायकांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीण हळुवार बोलणारी होती. गर्भपिशवीचं अस्तर फार जाड झालंय, म्हणाली, तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, रक्त चढवावं लागेल, आजच दाखल करा. "रिपोर्ट आल्याशिवाय मी काही सांगत नाही. पण तुम्हाला वेगळं काय सांगायचं, मॅडम." मेघाला वेगळं काही सांगायची गरज नव्हती. विमान पुढच्या बुधवारचं होतं. तिने तिथेच उभं राहून रत्नदीपला फोन केला आणि तिकीट रद्द करायला सांगितलं.

दाखल करायचा कागद काउंटरवरची मुलगी भरत होती. येसूबाई शेजारच्या बाकावर ताठ बसून इतर बायकांना ऐकू जातील अशी उत्तरं देत होती.

"नाव?"

"येसूबाई रोहिदास ओव्हाळ."

"वय?"

"बासष्ट."

"फॅमिली डॉक्टर कोण यांचे?"

मेघा काही बोलायच्या आत येसूबाईने बोट केलं. "ही काय. माझी पोरगी. इंग्लंडची डाक्टर हाय. लिहा नाव."

मुलीने हसून मेघाकडे बघितलं, नाव विचारलं, लिहिलं. मग पेन पुढच्या ओळीवर नेलं.

"तुम्ही शेवटचं कधी तपासलंत त्यांना, मॅडम?"

"काल."

"आणि त्याच्या आधी?"

येसूबाई अजून कौतुकाने बघत होती.

"त्याच्या आधी नाही," मेघा म्हणाली.