जंगल बंगल्यावरचा पाहुणा

'ती घटना आजही आठवते' असं लिहायची निवृत्त अधिकाऱ्यांत पद्धत आहे. माझ्या बाबतीत ते खरं नाही, कारण आठवण्यासाठी आधी विसरावं लागतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं वर काढली. ती सगळी आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे प्रकरण मात्र मिसळत नाही, आणि यात तर कोणाच्या अंगावर साधा ओरखडाही उठला नव्हता. नावं कोणाचीच सांगणार नाही. काही माणसं अजून हयात आहेत आणि त्यांतली बहुतेक कुठल्या ना कुठल्या संस्थेवर संचालक आहेत.

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगराला लागून असलेल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. दुष्काळाचं दुसरं वर्ष चाललं होतं. ऊसतोडीला गेलेली माणसं गावी परतली होती आणि आल्याआल्या टँकरच्या रांगेला लागली होती. आमच्या ठाण्यातला पाण्याचा पिंपसुद्धा कुलपात असायचा आणि किल्ली जमादाराच्या कमरेला. कोठडीतल्या आरोपीला तहान लागली की आधी जमादाराला शोधावं लागे.

वर डोंगरात, साग आणि सीताफळीच्या रानात, वनखात्याचा एक जुना बंगला होता. निजामाच्या अमलात साहेब लोकांच्या शिकारीसाठी बांधलेला. दगडी जोतं, उतरती कौलं, चारी बाजूंनी व्हरांडा, आणि छताला कापडी पंखा टांगायच्या कड्या अजून तशाच. वनखात्याकडे अर्ज करून आणि भाडं भरून कोणालाही तिथं राहता येई. बदलून आल्यावर मीही बायकोमुलांना घेऊन एक मुक्काम केला होता. वीज नाही, नळ नाही, अंघोळीला बंब आणि उजेडाला कंदील. बायको म्हणाली, "ह्याचं भाडं भरलंत? माझ्या माहेरी हे सगळं फुकट मिळतं." मला मात्र बंगला आवडला होता.

तिथला खानसामा म्हातारा होता. त्याच्या आधी त्याचा बाप तिथंच खानसामा होता. जेवायला त्यानं काचेच्या कपाटातून निळ्या काठाच्या चिनी मातीच्या प्लेटा काढल्या. मी म्हटलं, "चाचा, इतक्या जपून ठेवलेल्या प्लेटा आमच्यासाठी कशाला?" तो म्हणाला, "साब, हितं कलेक्टर आला तरी हीच प्लेट, आन पोष्टमन मुक्कामाला ऱ्हायला तरी हीच. वालिदांनी सांगून ठेवलंय, बंगल्यावर पाहुना म्हंजे पाहुना." हे वाक्य मला फार भावलं. नंतर कित्येकांना मी ते सांगितलंही होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी एक बाई ठाण्यात आली. ठाणे अंमलदारानं तिला बाकावर बसवून ठेवलं होतं आणि "दोन दिवस वाट बघा, येतील घरी" असं ऐकवून तो कामाला लागला होता. बाई उठायला तयार नव्हती. मी तिला आत बोलावलं.

तिचा नवरा फौजेतून निवृत्त झालेला. गावात त्याला सगळे फौजीच म्हणत. बौद्ध वस्तीतला, चार एकर कोरडवाहूचा धनी, आणि गावच्या सोसायटीवर राखीव जागेवरून निवडून आलेला संचालक. सोसायटीत दोन गट होते आणि दोन्ही तोडीस तोड. दुसऱ्या दिवशी चेअरमनवर अविश्वासाचा ठराव यायचा होता. फौजी ज्या पारड्यात बसेल ते पारडं जड होणार होतं. कागदावर विषय कारभाराचा असला तरी खरा विषय जनावरांच्या छावणीचा होता. छावणी सोसायटी चालवणार होती, आणि जिथं छावणी तिथं सरकारी टँकर, तिथंच पाण्याची टाकी. चेअरमनला ती स्वतःच्या शेतात हवी होती. विरोधी गटाच्या पुढाऱ्यानं बुद्धविहारासमोर उभं राहून शब्द दिला होता की छावणी वस्तीलगतच्या गायरानात होईल. फौजीचं मत त्या शब्दावर ठरलं होतं. आठवड्याला एखादा टँकर येई, एरवी वस्तीतल्या बायका तेव्हा पाण्यासाठी दोन डोंगर उतरून जात होत्या.

"तीन दिस झालं, जीपीत घालून नेलं साहेब," बाई म्हणाली. "कलेक्टरकडं जायचंय म्हनले. पोराला इचारलं तर पोरगं खाली मान घालून बसतंय."

"कुठं नेलं असेल, काही अंदाज?"

"अंदाज कावून? मला ठावं हाय. काल टँकर आमच्या वस्तीवर यायचा, तर फाट्यावरून डोंगराकडं वळला. आमी बाया घागरी घेऊन बघत बसलो. तिकडं त्या बंगल्याबिगर काय हाय? एवढं पानी कुनाला लागतंय तितं?"

खबऱ्यांना वर्षानुवर्षं पैसे मोजून मला अशी सरळ खबर क्वचित मिळाली असेल. बेपत्ताची नोंद केली, स्टेशन डायरीत रवानगी टाकली आणि जमादार व दोन शिपाई घेऊन दुपारीच बंगला गाठला.

वस्तीची घागर कोरडी होती आणि इथं बंगल्याचा हौद काठोकाठ भरलेला. चेअरमनचा पुतण्या अंगणात उघड्यानं अंघोळ करत होता, बादलीवर बादली ओतून. मला पाहून तो जराही गडबडला नाही. टॉवेल गुंडाळत म्हणाला, "या साहेब, चहा घ्या. आमच्या पाहुन्याला भेटाया आलात व्हय?"

त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. बंगल्याचं आरक्षण रीतसर, भाडं भरलेलं. फौजीच्या अंगावर नवा कोरा शर्ट. हात बांधलेले नाहीत, दाराला कुलूप नाही. तो व्हरांड्यात सतरंजीवर ताठ बसला होता. मी विचारण्याआधीच म्हणाला, "मी माझ्या मर्जीनं आलोय साहेब. हवापालट."

आता काय करणार? सज्ञान माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतो की मी खुशीनं आलोय, तिथं पोलिसाचा अधिकार संपतो. मी त्याला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं, बायको ठाण्यात बसून आहे हेही सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण उत्तर तेच. हवापालट. पुतण्या खांबाला टेकून दात कोरत होता.

चौकशीत माणूस बोलत नसेल तर मी आजूबाजूच्या वस्तूंकडे बघतो. ही सवय मला एका जुन्या जमादारानं लावली. स्वयंपाकघराच्या खिडकीत निळ्या काठाच्या चार प्लेटा धुऊन निथळत ठेवल्या होत्या. पुतण्या आणि त्याचे तीन साथीदार, हिशेब बरोबर. आणि व्हरांड्याच्या टोकाला, कठड्यावर, एक अॅल्युमिनियमचं ताट पालथं घातलेलं होतं. शेजारी तसलाच पेला. खानसामा दारात उभा होता. मी ताटाकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यानं नजर खाली केली आणि तो आत निघून गेला.

मी फौजीसमोर जाऊन बसलो. "तुम्ही इथं पाहुणे आहात ना?"

"व्हय साहेब."

"मग पाहुण्याचं ताट बाहेर का?"

मी विचारलं, "फौजेत कसल्या ताटात जेवत होतात?"

त्यानं त्या कठड्याकडे पाहिलं. मग बोलू लागला, आणि आवाज चढवल्याशिवाय बोलला. "लंगरमधी समद्यांचं एकच ताट, साहेब. सरदार, मद्रासी, बामन, मराठा. गोळी कुनाला लागंल ते ठावं नसतंय, मंग ताट येगळं कशाला? हितं आल्यापून ह्या ताटात जेवतोय. माजं पोरगं चेअरमनच्या शाळंत शिपाई हाय. गेलास तर पोरगं उद्या घरी, म्हनले. पोरापायी गप होतो. ऱ्हायलो बी असतो गप. पन तुमी ताटाचं इचारलं. आजपातुर कुनी इचारलं न्हाई."

प्रकरण फुटलं ते असं. पुतण्याला मी तेच विचारलं तर तो मनापासून चकित झाला. "ताटाचं काय घेऊन बसलात साहेब? ती आपली रीत असतीया. आमी काय त्याला उपाशी ठिवलं? मटन घातलं रोजचं. रातच्याला एक मानूस त्याच्यापाशी बसवत होतो, कुटं जाऊ नये म्हनून." स्वतःला निर्दोष ठरवण्याच्या भरात त्यानं कबुलीच देऊन टाकली. त्या चौघांनी शर्टापासून पावतीपर्यंत सगळं सांभाळलं होतं. ताट सांभाळायचं त्यांना सुचलंच नाही, कारण ते त्यांना दिसतच नव्हतं.

पंच बोलावून पंचनामा केला. ताट आणि पेला जप्त करून कापडात गुंडाळले, लाखेचं सील लावलं. अन्यायानं कैदेत ठेवल्याचा गुन्हा दाखल झाला, जोडीला अॅट्रॉसिटीची कलमं. त्यामुळे पुढचा तपास नियमाप्रमाणे उपअधीक्षकांकडे गेला. वरून फोन यायचा तो आलाच. "माणूस सोडवलात, ठीक केलंत. पण ताटापर्यंत जायची काही गरज होती का?" मी म्हटलं, "सर, ताट नसतं तर माणूसही सुटला नसता."

दुसऱ्या दिवशी फौजीनं बंदोबस्तात जाऊन मत दिलं. ठराव मंजूर झाला, चेअरमन पडला. त्याच आठवड्यात पोराची नोकरी गेली. फौजी मला म्हणाला, "जाऊ द्या साहेब. पानी तर यील." मला त्या माणसाचा तेव्हा अभिमान वाटला होता, हे मी मोकळेपणानं सांगतो.

विहारासमोर शब्द देणारा पुढारी नवा चेअरमन झाला. त्यानं विजयाचं जेवण ठेवलं, आणि ठेवलं ते त्याच बंगल्यावर. चार दिवसांत त्यानंही भाडं भरून बंगला घेतला. आमंत्रण द्यायला खुद्द फौजी ठाण्यात आला. "तुमी याच साहेब. आज छावनीची जागा सांगनार हायेत." बायकोनं इस्त्री केलेला तोच नवा शर्ट त्याच्या अंगात होता. मी गेलो.

फौजीला हार घातला. भाषणं झाली. ह्या एका माणसानं लोकशाही वाचवली, असंही कोणीतरी म्हणालं. मग नवा चेअरमन उठला आणि त्यानं जागा जाहीर केली. त्याच्या मेहुण्याचं शेत, रस्त्याकडेला. "गायरानात टँकर वळत न्हाई, नाविलाज हाय," तो म्हणाला. "वस्तीचं बी बघू, पुढच्या टप्प्यात." टाळ्या झाल्या. फौजीनं टाळी वाजवली नाही, तो फक्त उभा राहिला. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं, कारण पानं मांडली जात होती.

खरं तर पानं नव्हती. निळ्या काठाच्या प्लेटा होत्या, लांब टेबलावर ओळीनं मांडलेल्या. फौजी हात धुऊन आला आणि व्हरांड्याच्या टोकाशी थांबला. मीही तिकडं पाहिलं. कठड्यावर अॅल्युमिनियमचं ताट होतं.

क्षणभर मला वाटलं, आपल्याला भास होतोय. ते ताट तर आमच्या मुद्देमाल खोलीत सीलबंद पडलं होतं. जवळ जाऊन बघितलं तर हे नवं होतं, तळाला दुकानाचा कागद अजून चिकटलेला. मी खानसाम्याला गाठलं. "चाचा, हे कोणी आणायला सांगितलं?"

"सांगितलं कुनी न्हाई साब," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात ना लाज होती ना खोट. "पयलं तुमच्याकडं हाय, म्हनून बाजारातून दुसरं आनलं. लागंल म्हनलं."

फौजी हे ऐकत होता. गळ्यातला हार काढून त्यानं त्या ताटात ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाला, "करा की पंचनामा, साहेब. पंच बी समदे हितंच हायेत, जेवाया बसल्यात."

मी म्हटलं, "फौजी, तक्रार द्या. आत्ता लिहून घेतो, इथंच."

"एकदा दिली की. किती येळा द्यायची?" एवढंच बोलून तो पायऱ्या उतरला आणि उन्हात डोंगर उतरू लागला. त्याला परत बोलवायला पंगतीतून कोणीही उठलं नाही. मीही न जेवता निघालो, पण त्यानं कोणाचं काही अडलं नाही. त्या उन्हाळाभर वस्तीतल्या बायका मेहुण्याच्या शेतात घागरी घेऊन जात होत्या. जनावरं पिऊन झाल्यावर त्यांना पाणी मिळे.

काही वर्षांनी खटला उभा राहिला. पंच फितूर झाले. खानसाम्याला ताटाचं काहीच आठवेना. जुन्या आणि नव्या चेअरमनचा तोवर समझोता होऊन दोघं एकाच पॅनलमध्ये आले होते. फौजी एकटा शेवटपर्यंत आपल्या जबाबाला चिकटून राहिला. आरोपी निर्दोष सुटले.

पोलिसाच्या नोकरीत आम्हाला एक गोष्ट शिकवतात, हुकूम कोणी दिला ते शोधा. मी आयुष्यभर तेच शोधत आलो. या प्रकरणात हुकूम देणारा कधी सापडणारच नव्हता, कारण कोणी हुकूम दिलाच नव्हता. दोन्ही गट एकमेकांचे हाडवैरी, पण कठड्यावर काय ठेवायचं याबद्दल त्यांच्यात आणि त्या म्हाताऱ्या खानसाम्यात कधी चर्चाही करावी लागली नाही. चोर, खुनी, दरोडेखोर यांचा मला कधी इतका संताप आला नाही. त्यांना आपण काय केलं हे निदान ठाऊक असतं.

निकालानंतर काही महिन्यांनी मी दुसऱ्या एका खटल्यात साक्षीसाठी म्हणून त्या भागात आलो होतो आणि जुन्या ठाण्यात चहाला थांबलो. मुद्देमालाचा हवालदार ताटाची पिशवी घेऊन आला. मूळ मालकाला परत करा, असा कोर्टाचा हुकूम होता. पुतण्यानं ते आपलं नाही असं लिहून दिलं होतं. वनखात्यानं हात वर केले होते, आणि फौजी तर घेणारच नव्हता.

"साहेब, मग मालक कोन म्हनायचा ह्याचा?" हवालदारानं विचारलं.

गावात जाऊन कोणाच्याही दारात ठेव, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण शेरा लिहायचा होता, आणि शेऱ्यात तसं लिहिता येत नाही. मी म्हटलं, "बेवारस लिही."