बाळंतिणीचं जवस

सत्तावीस वर्षांपूर्वी नरहरपंतांना धाकट्या बहिणीचं, यमूचं, बाळंतिणीच्या खोलीतून पत्र आलं होतं. ‘भाऊ, तुझ्या पथ्याच्या पुस्तकात बाळंतिणीला जवस वर्ज्य, तूप जड असं आहे. मोठ्या जाऊबाईंनी माझं दोन्ही बंद केलं. तू त्यांना दोन ओळी लिही.’ छापलेलं आता खोडायचं कसं, या संकोचात नरहरपंतांनी उत्तर दिलंच नाही. यमू गेल्या वर्षी गेली. आता तिची सून बाळंत झालीय, आणि स्वयंपाकघर अजून त्या जाऊबाईंच्याच, गोदावरीबाईंच्याच हाती आहे.

दुपारी आरामखुर्चीत त्यांचा डोळा लागतो न लागतो, तोच पुस्तकांचं कपाट उघडतं. आत बाजेखाली शेगडी धुमसतेय. बाजेवर यमू, डोक्याला फडकं बांधलेली, विशीतली.

“या, लेखक.”

“यमू, मला तेव्हा खात्री नव्हती गं.”

“छापताना होती?”

“दुसऱ्याचं वाचून उतरवलं होतं.”

खोलीचा गोठा झालाय. यमू गाईपुढे जवसाच्या पेंडीची ढेप फोडतेय. “ही घातली की लोणी मऊ येतं, हे तुला ठाऊक. मग बाईचं दूध काय विहिरीतून येतं? आई जे तेल-तूप खाते, तेच लेकराच्या तोंडी जातं.”

“पण तुझा लेक दिगू अशक्त राहिला तो त्यामुळेच, असं म्हणता येत नाही.”

“मग तेवढंच लिही. माहीत नसताना लिहिलं म्हणून. माझ्या सुनेच्या ताटात आज कोरडी भाकर आहे.”

“बंद पाकिटातून पाठवतो.”

“पाकीट जाऊ चुलीत घालेल. कार्ड टाक. पोस्टमननं वाचावं, शेजारणीनं वाचावं. मी मान खाली घालून जेवले, आता तिनं घालावी. अन् तूही.” ती हसते. “काहून घाबरतोस? मी मेलेली. बोलणी तुलाच बसतील.”

ती त्यांची मूठ उघडून काहीतरी दाबून भरते.

जाग येते तेव्हा तळहाताला जवसाचे तीन चपटे दाणे चिकटलेत. घरात जवस कित्येक वर्षांत आलेलं नाही.

ते कार्ड घेतात. ‘ती. गोदावरीबाईंस सा. न. वि. वि. माझ्या पुस्तकातलं जवस-तुपाचं पान चूक आहे. न तपासता लिहिलं. यमूनं विचारलं, तेव्हा भ्यालो. सूनबाईला दोन्ही वाढावं. हे सर्वांसमक्ष वाचावं.’

टपालपेटीपाशी शेजारचे पांडे भेटतात. “कुणाला पत्र, पंत?”

नरहरपंतांचे कान तापतात. ते कार्ड पांड्यांपुढे धरतात. पांडे शेवटपर्यंत वाचतात, मग नजर चुकवतात. पंत कार्ड पेटीत टाकतात.